फ्रीजमधला राहू

लालबागच्या सीताराम चाळीच्या पटांगणात त्या संध्याकाळी एवढी गर्दी होती, की पहिल्या मजल्याच्या कठड्यावर कोपर टेकायलाही जागा नव्हती. एप्रिल संपत आला होता. पंखे असून नसल्यासारखे होते आणि मार्चची बिलं नुकतीच येऊन पडली होती. अशा वेळी "वीजबिल अर्धे, तेही देवाच्या कृपेने" असा बोर्ड लावला, तर माणसं भजनाला जमणार नाहीत एवढी जमतात.

मधोमध टेबल, टेबलावर भगवं कापड. कापडावर पंपाची एक जुनी मोटर रिकामीच घुमत होती आणि तिच्या शेजारी एक कलश होता. कलशावर नारळ, नारळाला हळदकुंकू, आणि कलशाच्या बुडातून निघालेली काळी वायर. वायरीच्या टोकाला तीन पिनांचा प्लग.

कलशामागे श्री श्री व्होल्टानंद महाराज उभे होते. दाढी पांढरी, कफनी केशरी, पायात रबरी चपला. "वीज म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं.

"लक्ष्मीची धाकटी बहीण! पॉवर हाउसातून निघते, डोंगर चढते, खाडी ओलांडते. तुमच्या दारी येईस्तोवर बिचारी दमते. दमलेला पाहुणा कमी खातो की जास्त?"

"जास्त!" चाळ एका सुरात म्हणाली.

"मग बिल कुणाचं वाढतं?"

"आमचं!"

"हा विद्युत-कलश तिला दारातच पाणी देतो. पाय धुतो. हितेंद्र, आकडा वाच!"

हितेंद्र म्हणजे महाराजांचा शिष्य. पांढरी सफारी घातलेला, गंभीर चेहऱ्याचा. मोटर ज्या बोर्डावर लावली होती, त्या बोर्डाच्या एका वायरीभोवती त्याने एक चिमट्यासारखं यंत्र अडकवलं होतं. "दोन पॉइंट एक!" तो ओरडला.

महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि कलशाचा प्लग बोर्डात खुपसला. नारळाखाली लाल दिवा लागला.

"शून्य पॉइंट नऊ!"

टाळ्यांनी कबुतरं उडाली. सुचित्राकाकींनी तर तिथल्या तिथे पदर पसरला.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आकांक्षा बसली होती. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तिला कशाचीच घाई नव्हती. तिने आधी मोटर पाहिली, मग चिमटा पाहिला. आकडा खरा होता. खोटा असता तर ती हसून घरात गेली असती. आकडा खरा होता, म्हणूनच ती अस्वस्थ झाली.

"महाराज," ती उठून म्हणाली, "हा आकडा अँपियरचा आहे. बिल तर युनिटचं येतं ना?"

महाराज प्रेमळ हसले. "बाळ, अँपियर हा देह आणि युनिट हा आत्मा. देह आवरला की आत्मा आपोआप आवरतो."

पुन्हा टाळ्या.

"बस गं खाली," शेजारच्या खोलीतले रमाकांतकाका म्हणाले. ते बँकेतून रिटायर झालेले, चाळ कमिटीचे सेक्रेटरी, आणि कलशाचे पहिले गिऱ्हाईक. "दोन पुस्तकं वाचली की देवाची परीक्षा घ्यायची? मी चाळीस वर्षं आकड्यांत काढली. आकडा उतरला म्हणजे उतरला."

दुसरं गिऱ्हाईक आकांक्षाची आई. मालनने कनवटीला खोचलेले दीड हजार काढून दक्षिणा म्हणून ठेवले, तेव्हा आकांक्षाने कपाळावर हात मारून घेतला. पण आईचं दुखणं तिला माहीत होतं. मालन वाटणं विकायची. भाजक्या खोबऱ्याचं, हिरवं, माशांचं, मटणाचं. परळच्या ऑफिसांतल्या बायका सकाळी पाकिटं घेऊन जायच्या आणि संध्याकाळी घरी सासूला "मीच वाटलं" म्हणून सांगायच्या. या धंद्याचा सगळा डोलारा तळमजल्यावरच्या तीन नंबरच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या फ्रीजवर उभा होता. तो फ्रीज वीज खायचा, बिल यायचं, आणि बिल आलं की मालनला झोप लागायची नाही.

आता एक गोष्ट लालबागबाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. मे महिना उजाडला की अशी चाळ रिकामी होते. सगळी कोकणात. खोल्यांना कुलपं, कठड्यांवर एकही चड्डी वाळत नाही. महिनाभराने माणसं परततात ती आंब्याच्या पेट्या, फणसाचे गरे आणि काळवंडलेली तोंडं घेऊन. त्या वर्षीही तसंच झालं. मागे राहिले मोजकेच. ऑर्डरी सोडवत नाहीत म्हणून मालन आणि आकांक्षा; आणि गुडघ्याने दगा दिला म्हणून रमाकांतकाका.

जूनमध्ये मेची बिलं आली आणि चाळीत दिवाळी झाली.

"अर्धं! अगं अर्ध्याहून कमी!" सुचित्राकाकी बिल फडकवत मजलाभर फिरल्या. "पावला बाई कलश! मालन, तुझं कितीवर आलं?"

"तसांच," मालन म्हणाली आणि आत गेली.

बिल आकांक्षाला संध्याकाळी मिरचीच्या डब्याखाली सापडलं. ते वाढलं होतं. चांगलंच वाढलं होतं. कलश आहे म्हणून महिनाभर दोन्ही पंखे बिनधास्त चालू होते, तो हिशेब वेगळाच.

दुसऱ्याच आठवड्यात महाराज पुन्हा अवतरले. मालनने पदराआडून बिल दाखवलं. महाराजांनी खोलीत पाऊल ठेवलं, नाक वर केलं, दोनदा हुंगलं, आणि बोट फ्रीजकडे रोखलं.

"राहू!"

"काय?"

"या पेटीत राहू बसलाय. म्हणून ती घरघरते. माझा कलश पुण्य आणतो, ही पेटी गिळते. बाकी चाळीला देव पावला, तुलाच का नाही? विचार कर." आवाज खाली आला. "शनिवारी टेम्पो पाठवतो. पेटी विधिपूर्वक विसर्जित करू. भाडं मी घेणार नाही. सेवा आहे."

त्या रात्रीच्या जेवणाला माशाचं कालवण होतं, पण कुणी चवीने जेवलं नाही.

"आई, फ्रीज गेला तर वाटण ठेवणार कुठे?"

"मासळीवाल्याकडसून बर्फ हाडतलंय."

"चाळीस पाकिटं बर्फात? जूनमध्ये?"

"गो, माका कळता सगळा." मालनने ताट बाजूला सारलं. "पण बाकीच्यांका पावलो तो. माकाच कित्याक नाय? माझ्याच घरात काय खोट असतली?"

महाराजांच्या चिमट्यापेक्षा आईचा हा प्रश्न आकांक्षाला जास्त लागला. शनिवारला चार दिवस होते.

गुरुवारी दुपारी आई बाजारात गेली तेव्हा आकांक्षाने कलश उचलला. तो तांब्याचा नव्हता. नखाने खरवडल्यावर तांब्याचा रंग निघाला आणि खाली प्लास्टिक दिसलं. मग ती जिन्याखालच्या मीटरच्या कोनाड्यात जाऊन पाऊण तास बसली. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळ्याचं जाळं होतं, वहीत दोन पानं आकडे होते, आणि ती गुणगुणत होती.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. टेम्पोपाठोपाठ महाराज, महाराजांपाठोपाठ हितेंद्र, हितेंद्रापाठोपाठ ती मोटर, कारण वाटेत दुसऱ्या चाळीतही दर्शन होतं. राहू बघायला सगळी चाळ लोटली.

"महाराज," आकांक्षा हात जोडून म्हणाली, "फ्रीज खुशाल न्या. फक्त आधी मीटरदर्शन करू. एवढ्या लोकांसमोर कलशाचा प्रताप खुद्द मीटरवर दिसला, तर जे उरलेत ते पण कलश घेतील."

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. न घेतलेली दहाबारा घरं त्यांना दिसली असावीत. "तथास्तु," ते म्हणाले.

तीन नंबरच्या खोलीतलं सगळं बंद केलं. पंखे, दिवे, फ्रीजसुद्धा. बोर्डावर फक्त महाराजांची मोटर लावली. जिन्याखाली मीटरांवर महाराजांनीच घालायला लावलेले झेंडूचे हार सुकून लोंबत होते. आकांक्षाने मालनच्या मीटरवरचा हार बाजूला केला. आत एक बारीक लाल दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.

"हा दिवा ठरावीक वीज गेली की एकदा मिचकावतो," ती म्हणाली. "बिल याच्यावर येतं. जेवढा भरभर मिचकावेल, तेवढं बिल जास्त. सुचित्राकाकी, तुमचा आवाज मोठा, तुम्ही मोजा. रमाकांतकाका, तुमच्या घड्याळाला बँकेत सगळे मानायचे ना? दहा मिचकाव्यांना किती वेळ लागतो ते तुम्ही सांगा."

काकांनी मनगट डोळ्यांपाशी नेलं. त्या घड्याळाचा अपमान त्यांनी मॅनेजरलाही करू दिला नव्हता.

"एक!" सुचित्राकाकी गरजल्या. "दोन!" तिसऱ्या मिचकाव्यापासून सगळी चाळ मोजू लागली. वरच्या मजल्यावरच्यांना दिवा दिसत नव्हता, पण तेही मोजत होते.

"दहा!"

"ऐंशी सेकंद," काका म्हणाले. "पक्के."

"आता कलश."

हितेंद्रने प्लग खुपसला. सवयीने चिमट्यावर वाकून तो ओरडला, "शून्य पॉइंट नऊ!" कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दिव्याकडे बघत होते.

"महाराज म्हणतात तसं वीज निम्मी झाली," आकांक्षा म्हणाली, "तर दहा मिचकाव्यांना किती लागायला हवेत?"

"एकशे साठ," काका म्हणाले. यात काही चूक होणं शक्यच नव्हतं.

पुन्हा मोजणी झाली. दहाव्या मिचकाव्याला काकांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"काका?"

"एकोणऐंशी."

"पाहिलंत!" महाराजांनी दोन्ही हात उंचावले. "एक सेकंद कमी! कलशाचा प्रताप!"

"महाराज, दिवा लवकर मिचकावला म्हणजे वीज जास्त गेली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी हात हळूच खाली घेतले. "मीटर... मीटर अशुद्ध आहे. सुतकातल्या माणसाची सावली पडली असणार."

"असेल. मग मीटर राहू द्या, तुमचा चिमटा तर शुद्ध आहे? मोटर आणि कलश काढू या, आधी नुसती आमची इस्त्री लावू."

महाराज पहिल्यांदाच घाईने बोलले. "इस्त्रीला नाही चालत! इस्त्रीत... इस्त्रीत अग्नितत्त्व असतं."

पण मालनने इस्त्री आणून बोर्डात लावलीसुद्धा. चिमटा इस्त्रीच्या आणि कलशाच्या सामायिक वायरीवर चढला. हितेंद्र बिचारा वर्षभर आकडे ओरडून यंत्र झाला होता. "चार पॉइंट तीन!" तो म्हणाला. कलशाचा प्लग आत गेला. "चार पॉइंट सात!" असं म्हणून त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

"वाढलो?" मालन म्हणाली. "मेल्या, वाढलो?"

"पण थांब!" सुचित्राकाकी पुढे आल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "माझं बिल खरंच अर्धं आलंय. ते काय खोटं?"

महाराजांच्या जिवात जीव आला. "बोल भगिनी! बोल या नास्तिकांना!"

"खोटं नाही काकी. मे महिन्यात तुम्ही कुठे होतात?"

"गावी. पंचवीस दिवस. आंबे नाही का दिले तुम्हाला?"

"आणि खोलीला?"

"कुलूप."

पटांगणात एकेका चेहऱ्यावर एकेक कुलूप उघडताना दिसत होतं.

"सुशांतदादा," आकांक्षाने वर पाहून हाक मारली, "तू पण गावी होतास. तू कलश घेतला नव्हतास ना? मग तुझं बिल?"

"अर्ध्याहून कमी!" सुशांत कठड्यावरून म्हणाला. "पण मला वाटलं, दोन्ही बाजूंना कलश आहेत तर हवा आपल्याकडे पण आली. म्हणून बोललो नाही. महाराजांनी माझ्याकडेही पैसे मागितले असते."

हसण्याने चाळ हलली. ते ओसरल्यावर एक बारीक आवाज आला.

"माझं वाढलंय." रमाकांतकाका चपलेकडे बघत होते. "मी पण गेलो नव्हतो गावी. कलश होता, रोज फूल वाहत होतो. तरी वाढलं. महाराज म्हणाले होते, ज्याच्या घरात दोष त्याचंच वाढतं. आता चाळीत ते कोण सांगणार?"

मालन त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमचापन?" ती म्हणाली. भिंतीला भिंत लागून होती. एका घरात कोलंबी तळली की दुसऱ्या घरात मीठ कमी पडल्याचं कळत होतं. पण दोन्हीकडे तसंच वाढलेलं बिल दोन डब्यांखाली लपवलेलं होतं, हे इतके दिवस कळलं नव्हतं. मालनच्या खांद्यावरून काहीतरी मोठं उतरलं.

तेवढ्यात टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, "फ्रीज चढवायचा का नाय? या आठवड्यातला तिसरा आहे. गाळ्यात उतरवून मला दुसरं भाडं आहे."

"गाळ्यात?" सुचित्राकाकी म्हणाल्या. "विसर्जन गाळ्यात असतं?"

"विसर्जन कसलं? हितेंद्रभाऊंचा सेकंडहँड फ्रीजचा धंदा आहे ना."

व्होल्टानंद महाराज टेम्पोत कधी चढले ते कुणी पाहिलं नाही, पण टेम्पो निघालाही नाही. रमाकांतकाका गुडघा सांभाळत, खुर्ची घेऊन, पुढच्या चाकासमोर बसले होते. "दक्षिणा," ते म्हणाले. "एकूण बावीस घरं. मी पावती देतो."

पैसे परत आल्यावर आकांक्षाने एक कलश उघडून दाखवला. नारळ काढला, झाकण फिरवलं. आत वजनासाठी वाळू, एक लाल दिवा, आणि पंख्यात असतो तसा मोठासा कंडेन्सर. बस.

"मग आकडा उतरायचा कसा?" काकांनी विचारलं. आकड्यावरचा त्यांचा विश्वास एका सकाळीत जाण्यासारखा नव्हता.

"काका, आकडा खरा होता. समजा सुचित्राकाकी रोज आमच्याकडून तीन वाट्या साखर नेतात. एकीचा चहा करतात, दोन तशाच परत आणतात."

"मी कधी परत आणली?" सुचित्राकाकी म्हणाल्या.

"समजा हो. जिन्यावर वर्दळ तीन वाट्यांची, पण डब्यातली साखर संपते एकच वाटी. मोटर तशीच असते. थोडी वीज वापरते, बाकीची नुसती घेते आणि परत करते, एका सेकंदात शंभरदा. चिमटा जिन्यावरची वर्दळ मोजतो. मीटर फक्त संपलेली साखर मोजतो. कंडेन्सर काय करतो, तर दोन वाट्या काकींच्याच उंबऱ्यावर ठेवतो. जिन्यावरची ये-जा कमी होते. चहाला साखर तेवढीच लागते. इस्त्री बिचारी परत काही करतच नाही, घेतलेली सगळी खाते. तिथे कंडेन्सर स्वतःच फुकट ये-जा वाढवतो. म्हणून महाराज गावभर मोटर घेऊन फिरतात, इस्त्री घेऊन नाही. मोठ्या कारखान्यांना या ये-जाचेही पैसे द्यावे लागतात, तिथे कंडेन्सर कामाचा. आपल्या घरी नाही."

काकांनी कंडेन्सर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं आकड्यांत काढली मी. आकडा कशाचा आहे, ते विचारलंच नाही."

चाळ पांगली. मालन मात्र फ्रीजसमोर उभी होती. "पण आमचा बिल वाढता ता कित्यान?"

आकांक्षाने वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, फ्रीजच्या दारात धरली आणि दार लावलं. पट्टी सुळकन बाहेर आली. खाली धरली, तीही आली. वरच्या कोपऱ्यात तर नुसती गळून पडली.

"हा तुझा राहू. दाराचं रबर मेलंय. चोवीस तास थंडी बाहेर जातेय आणि बिचारा घरघरतोय."

मग राहूचे आणखी भाऊबंद सापडले. फ्रीज भिंतीला इतका चिकटवला होता, की मागची जाळी धुळीने गोधडीसारखी झाली होती. भाजलेलं वाटण घाई म्हणून गरम गरमच आत जायचं. नाक्यावरच्या मेकॅनिकने रबर बदललं, त्याला अर्धा तास लागला. फ्रीज वीतभर पुढे ओढला. जाळी झाडली, तेव्हा दोघी मायलेकी शिंकून शिंकून लाल झाल्या. वाटण आता ताटात पसरून पंख्याखाली निवू लागलं. पिवळा बल्ब गेला, एलईडी आला. रिकाम्या खोलीतला पंखा कोण बंद करतं, यावर रोज भांडण होऊ लागलं आणि त्यामुळे तो बंद राहू लागला.

महिनाभराने बिल आलं. मालनने ते दारातच उभ्या उभ्या उघडलं, सगळ्यांसमोर, आणि तिचा चेहरा पडला.

"पाचव्या हिश्श्यानच उतरला. एवढाच?"

"एवढंच."

"त्या मेल्यान अर्धा म्हटलेला."

"त्याला म्हणायला काय जातं? त्याने फुकट म्हटलं असतं तरी चाललं असतं. आई, हे पाचव्या हिश्श्याने उतरलंय ते खरोखर उतरलंय. पुढच्या महिन्यात पण उतरेल. आणि फ्रीज तुझ्या घरात आहे."

मालनने थोडा विचार केला. मग तिने वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, दारात धरली, दार लावलं आणि ओढली. पट्टी आली नाही. अर्धी फाटून हातात राहिली. ती अर्धी पट्टी घेऊन मालन कुणाला काही न सांगता शेजारी गेली. "रमाकांतानु," तिचा आवाज भिंतीतून आला, "सरका बाजूक, तुमच्या फ्रीजाचा दार बघूया."

वाचकहो, तुमच्याही दारात कधी ना कधी असा कुणी उभा राहील. कदाचित त्याच्या कलशावर नारळ नसेल, चकचकीत खोका असेल आणि खोक्यावर परदेशी नाव असेल. त्याला शिव्या देऊ नका. तुमच्या मीटरपाशी न्या, घरातलं बाकी सगळं बंद करा, हातात घड्याळ घ्या आणि त्याच्यादेखत लाल दिवा मोजा, एकदा खोका लावून, एकदा काढून. याला श्रद्धा लागत नाही, पदवी लागत नाही, दहापर्यंत मोजता आलं की पुरे. आणि बिल वाढलं असेल तर ते शेजाऱ्याला दाखवा. बहुतेक करून त्याचंही वाढलेलं असतं.